नक्कल म्हणता म्हणता : तेरुमासा हिनोची दहा वर्षं

"जपानी ना, नक्कल करण्यात पटाईत!" रेडिओ, कॅमेरे, मोटारी यांच्याबद्दल हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जॅझबद्दलही हेच बोललं जायचं आणि बोलणाऱ्यांत खुद्द जपानी रसिकही असायचे. म्हणून आज तेरुमासा हिनो या ट्रम्पेटवादकाच्या १९६७ ते १९७७ या काळातल्या रेकॉर्डिंगबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

हिनोचा जन्म ऑक्टोबर १९४२ चा, टोकियोतला. तीनच महिन्यांनी, जानेवारी १९४३ मध्ये, जपान सरकारने जवळपास हजार अमेरिकन-ब्रिटिश गाण्यांची यादी काढून त्यांच्यावर बंदी घातली. शत्रूचं संगीत! जॅझ त्यात आलाच. पुढे युद्ध हरले आणि तोच जॅझ अमेरिकन सैनिकांबरोबर उजळ माथ्याने परत आला. छावण्यांमधल्या क्लबांत वाजवून जपानी पोरांची पोटं भरू लागली. काल ज्यासाठी पोलीस दारात आले असते, त्याचेच आज पैसे मिळायला लागले.

हिनोचे वडील टॅप डान्सर आणि ट्रम्पेटवादक. पोरगा चौथ्या वर्षी टॅप शिकला, नवव्या वर्षी त्याच्या हातात ट्रम्पेट आला. धाकटा भाऊ मोतोहिको ड्रम्सवर. म्हणजे घरातच अर्धा ताफा तयार. परदेशी एलपी विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून शहरोशहरी 'जॅझ किस्सा' निघाले. (आपला किस्सा नव्हे हो, किस्सा म्हणजे चहा-कॉफीचं दुकान.) एका कपाच्या पैशात तासन्‌तास रेकॉर्ड ऐका. कित्येक ठिकाणी तर मोठ्याने बोलायचीही मनाई. या पिढीची तालीम अशी झाली.

आता एका धूनची गोष्ट. हिनोची स्वतःची रचना, 'अलोन, अलोन अँड अलोन'. १९६२ साली होरेस सिल्व्हरचा ताफा जपानला आला, त्यात ब्लू मिचेल हा ट्रम्पेटवादक होता. या मिचेलने १९६५ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी हिनोची ही धून रेकॉर्ड केली. पियानोवर कोण, तर तरुण चिक कोरिया! खुद्द हिनोचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम, याच धूनच्या नावाचा, आला १९६७ मध्ये. म्हणजे रचना टोकियोची, पण न्यूयॉर्कची मोठी कंपनी ती आधी बाजारात आणते आणि रचनाकार दोन वर्षं मागून येतो. नक्कल नेमकी कुणी कुणाची केली म्हणायची?

अर्थात हिनो नक्कल करत नव्हता असंही नाही. १९६९ च्या 'हायनॉलॉजी'मध्ये इलेक्ट्रिक पियानो आहे, माइल्स डेव्हिसची सावली जागोजागी आहे आणि एका रचनेचं नावच आहे 'लाइक माइल्स'. इतका सरळ कबुलीजबाब मला तरी आवडतो. चोर आपल्या मालावर मालकाचं नाव लिहीत नाही. हा अल्बम जपानात तुफान गाजला आणि हिनो स्टार झाला.

पण माझ्या मते खरी कमाई आहे जून १९७३ ची. एकाच महिन्यात दोन मैफली रेकॉर्ड झाल्या. पहिली टोकियोत, 'थ्री ब्लाइंड माइस' या कंपनीसाठी. कंपनी छोटी, १९७० मध्ये निघालेली, जपानी जॅझवाल्यांना हवं ते वाजवू देणारी. एलपीची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिलेली. दुसरी मैफल म्युनिकच्या डोमिसिल क्लबात, 'एन्या' या जर्मन कंपनीसाठी, 'तारोज मूड' नावाने. तिथे पुन्हा तीच 'अलोन' आहे. आता मात्र ती कुणाची सावली वाटत नाही. हिनो सूर लांबवतो, मधेच थांबतो, मोतोहिको त्या थांबण्याखाली ड्रम्सचा वणवा पेटवतो. सोबत सगळे जपानी आणि समोर जर्मन श्रोते. या मैफलीत अमेरिकेचा शिक्का कुठेच नाही.

मग १९७५ मध्ये हा माणूस न्यूयॉर्कला राहायला का गेला? घरी नाव होतं, काम होतं. पण जॅझवाल्याची परीक्षा तिथेच होते, हे त्याच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, असं मला वाटतं. तिथे तो जॅकी मॅक्लीन, गिल इव्हान्स, एल्व्हिन जोन्स यांच्याबरोबर वाजवू लागला. आणि नेमकं त्याच सुमाराला, १९७६ मध्ये, त्याच्या अल्बमचं नाव येतं 'होगिउता', म्हणजे जुन्या जपानीत मंगलगीत. घर सोडल्यावर घरची भाषा जवळची वाटते, हे परदेशी गेलेल्या आपल्या पोरांना विचारा. १९७७ च्या 'मे डान्स'मध्ये त्याच्यासोबत रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स आहेत. म्हणजे माइल्सचेच जुने साथीदार, पण या वेळी अल्बमवर नाव हिनोचं. पुढचं १९७९ चं 'सिटी कनेक्शन' गोड आहे, पण मला त्यात फार रस नाही.

ऐकायचं असेल तर 'अलोन' सलग तीनदा ऐका. आधी मिचेलची १९६५ ची, मग हिनोची १९६७ ची, आणि शेवटी म्युनिकची. म्युनिकवाली ऐकताना आवाज थोडा वाढवा आणि ड्रम्सकडे कान द्या. तिन्ही ऐकून कुठली आवडली ते कमेंटमध्ये सांगा.