सस्पेन्शन फोर्क
माउंटन बाइकच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा, सरकत्या नळ्यांचा चिमटा. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा फोर्क १९८९ मध्ये बाजारात आला. १९९० मध्ये डुरँगो येथे ग्रेग हर्बोल्ड यांनी तो लावून डाउनहिलचे जगज्जेतेपद मिळवले. निवडताना आधी फ्रेम पाहावी. माप जुळले नाही तर महागडा फोर्कही अडगळच. क्रॉस-कंट्रीला १०० ते १२० मिमी चाल (नळ्या दबण्याचे अंतर) पुरते, डाउनहिलला सुमारे २००. स्वस्तात पोलादी स्प्रिंग येते. हवेचा फोर्क हलका, पंपाने स्वाराच्या वजनाला जुळवता येणारा. खरे पैसे पडतात ते डँपरचे: तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो उसळी आवरतो. जुना फोर्क घेताना नळीवर नख फिरवावे. ओरखड्यात अडकले, तर सील गळणार हे धरूनच भाव करावा.