पायांनी हाकायचं विमान

1944. तुम्ही बेळ्ळंदूर तलावाच्या काठावर उभे आहात. इथे अजून प्रदूषणाचा फेस नाही, पाण्याला लागणारी आग तर नाहीच. बेंगळुरू शहर अजून इथवर पोहोचलेलंच नाही. पश्चिमेकडून घरघर ऐकू येते आणि एक अवाढव्य कॅटालिना विमान तलावावर पोट टेकवतं. पाण्याचे दोन फवारे उडतात, मग ते होडीसारखं डुलू लागतं. दुरुस्तीसाठी आलंय. सोलापूरच्या उद्योगपती वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर 1940 मध्ये काढलेला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना जवळच आहे, आणि युद्धामुळे सध्या तिथे अमेरिकी सैन्याचा कारभार चालतो.

आता नीट बघा, ते किनाऱ्याला कसं लागतं. पाण्यात ब्रेक नावाची गोष्टच नाही. उजवीकडे वळायचं तर पायलट डाव्या इंजिनाला थोडा जोर देतो. वेग मारायचा तर खलाशी बाजूच्या खिडकीतून कापडी पिशवी पाण्यात सोडतात, ती पाणी ओढत मागून फरफटत येते. दोन इंजिनं, दोन पिशव्या आणि वाऱ्याचा अंदाज, एवढ्यावर सगळा खेळ. जमिनीवरच्या विमानाची अडचण समजायला ही जागा फार चांगली आहे, कारण विमान मुळात कशालाही न धरता पुढे जाणारं यंत्र आहे. त्याच्या चाकांना इंजिन फिरवत नाही. पंखा हवा मागे लोटतो आणि चाकं नुसती सोबत गडगडत जातात.

सात वर्षं पुढे सरका. 1951 चा ऑगस्ट, त्याच कारखान्याची धावपट्टी. तुम्ही एचटी-2 च्या पुढच्या खुर्चीत आहात. भारतात आखलेलं आणि बांधलेलं हे शिकाऊ वैमानिकांचं विमान. आखलंय डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूरकडच्या हसूरचा हा माणूस ग्यॉटिंगेनला प्रान्टल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आला, आणि इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतला विमानशास्त्राचा विभागही 1942 मध्ये त्यांनीच उभा केला. याच महिन्यात कॅप्टन जमशेद मुन्शी हे विमान पहिल्यांदा हवेत नेतील. तुम्हाला उडायचं नाहीये, फक्त जमिनीवर पळवून बघायचंय. आणि तेच जास्त अवघड आहे.

समोर काय दिसतं? इंजिनाचं नाक आणि त्यावरचं आभाळ. तिसरं चाक शेपटीखाली असल्यामुळे विमान कायम मागे रेलून बसतं आणि धावपट्टी नाकाआड दडते. म्हणून अशा विमानांचे वैमानिक जमिनीवर नागमोडी जातात. कधी डाव्या बाजूने डोकावायचं, कधी उजव्या.

"सार, चाकांखालचे चोक काढू?" खालून मेकॅनिक ओरडतो. तुम्ही अंगठा वर करता. विमान हलतं. पहिलं वळण येतं आणि मोटार चालवणाऱ्याचे हात सवयीने दांड्याकडे जातात. दांडा डावीकडे कलंडवता. विमान ढिम्म, सरळच चाललंय. हातांचं इथे काही चालत नाही. पायाखाली दोन पेडलं आहेत. डावं पुढे ढकललं की शेपटीवरचं सुकाणू डावीकडे वळतं, पंख्याचा वारा त्यावर आदळतो आणि नाक डावीकडे येतं. तेवढ्याने भागलं नाही तर या जातीच्या विमानांत एकाच बाजूचा ब्रेक लावायचा. डावं चाक धरून ठेवलं की सगळं विमान त्याच्याभोवती फिरतं. ब्रेक इथे थांबायला कमी आणि वळायला जास्त लागतो.

थांबायला तो जपूनच लावावा. मुख्य चाकं पुढे, विमानाचा भारमध्य त्यांच्या मागे. चाकं जोरात धरली तर शेपूट वर उचलली जाते आणि पंखा जमिनीत घुसतो. दुसरं संकट त्याहून फसवं. पळताना नाक जरासं डावीकडे गेलं, की मागचा भार सरळ पुढे जायला बघतो आणि शेपटीला आणखी बाहेर रेटतो. वळण स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. क्षणभर उशीर झाला तर विमान जागच्या जागी गरकन फिरतं आणि पंखाचं टोक मातीला घासतं. म्हणून तुमचे पाय आत्ता एक सेकंदही स्वस्थ नाहीत. डावा, उजवा, पुन्हा डावा. जुने वैमानिक सांगतात की असं विमान हँगरमध्ये बांधेपर्यंत उडवायचं असतं. त्यात अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

4 सप्टेंबर 1964. धावपट्टी तीच. किरण नावाचं जेट विमान चाचणी वैमानिक सुरंजन दास पहिल्यांदा उडवायला निघालेत. आखणी पुन्हा घाटग्यांचीच. तुम्ही वाकून खाली बघा: तिसरं चाक शेपटीखालून नाकाखाली आलंय. तेरा वर्षांत एकाच माणसाच्या कागदावर हा बदल झाला, आणि माझ्या मते पायांच्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा बदल तोच. भारमध्य आता मुख्य चाकांच्या पुढे आहे. नाक भरकटलं तर भारच त्याला ओढून सरळ करतो. ब्रेक दाबला तर विमान नाकाच्या चाकावर भार टाकतं, उलटत नाही. आणि धावपट्टी समोर दिसते!

जेटने एक गोष्ट मात्र काढूनही घेतली. नाकावर पंखा नाही, म्हणून सुकाणूवर त्याचा वाराही नाही. वेग कमी असताना सुकाणू मेल्यासारखं असतं, तेव्हा चाकांनीच वळायचं. शिवाय जेट जोरात उतरतात आणि आता ब्रेक निर्धास्त दाबता येतो; म्हणजे चाक गच्च धरलं जाऊन टायर घासत फाटण्याचा धोका आला. त्यावर ब्रिटनच्या डनलॉपने 50 च्या दशकात मॅक्सरेट नावाचं यंत्र काढलं होतं. चाकासोबत फिरणारं एक छोटं जड चक्र. चाक अचानक मंदावलं तरी हे चक्र स्वतःच्या गतीने पुढे फिरत राहतं, आणि त्या फरकाने झडप उघडून ब्रेकचा दाब सुटतो. चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत. ना वीज, ना संगणक. मोटारीतलं आजचं एबीएस याच घराण्यातलं.

मधली वर्षं भरभर जातात. 4 जानेवारी 2001 ला तेजस हे लढाऊ विमान इथूनच पहिल्यांदा उडतं. उतरल्यावर ते शेपटीकडून छत्री सोडतं; छत्रीला टायरच्या पकडीची गरज नसते आणि वेग जितका जास्त तितकी ती जोरात ओढते. 24 मे 2008 ला प्रवासी विमानं या जुन्या विमानतळावरून उठून देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर जातात.

आता आजची रात्र. सप्टेंबरचा पाऊस. तुम्ही एअरबस ए-320 च्या डाव्या खुर्चीत आहात, वेगमापक 140 नॉट दाखवतोय, म्हणजे ताशी सुमारे 260 किलोमीटर. पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. हवा विरळ, त्यामुळे तोच काटा दाखवताना खरा वेग चार-पाच टक्के जास्त असतो आणि थांबवायची ऊर्जा आठ-नऊ टक्के जास्त. 62 टनांच्या विमानात ती घरच्या वीजबिलातल्या जवळजवळ 50 युनिटांएवढी होते. ती सगळी मिनिटभराच्या आत कुठेतरी घालवायचीय.

चाकं टेकतात. पंखांवरच्या फळ्या फटकन उभ्या राहतात. लोकांना वाटतं त्या वारा अडवायला आहेत. त्यांचं मोठं काम वेगळंच. त्या पंखांची उचल मोडतात, म्हणजे विमानाचा भार पंखांवरून चाकांवर येतो. भाराशिवाय ब्रेक कशाला धरणार? मग इंजिनांचा उलटा रेटा, मग ऑटोब्रेक. ओल्या धावपट्टीवर आणखी एक भीती असते: 200 पीएसआयच्या आसपास हवा भरलेला टायर साधारण 127 नॉटच्या वर साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतो. तेव्हा ब्रेक कितीही दाबा, चाकाखाली जमीनच नसते.

तुमचे पाय तिथेच आहेत, दोन पेडलांवर. पेडल पुढे रेटलं की वळण, बोटांनी वरचा भाग दाबला की त्या बाजूचा ब्रेक. पण पाय आणि चाक यांच्यामध्ये आता एक संगणक बसलाय. पाय फक्त मागणी नोंदवतात. चारही मुख्य चाकांची गती तो मोजतो आणि एखादं चाक अपेक्षेपेक्षा फार मागे पडलं की त्याचा दाब सोडतो. मॅक्सरेटचंच काम, पण सेकंदात कितीतरी वेळा. सुरुवातीला पायांचं ऐकतं ते शेपटीवरचं सुकाणू. वेग उतरतो तसं ते दुबळं होतं आणि नाकाचं चाक हळूहळू सूत्रं घेतं, तेही जास्तीत जास्त 6 अंशांपर्यंत. ही अदलाबदल पायांना कळतसुद्धा नाही. टॅक्सीवेवर मोठी वळणं आली की डावा हात बाजूच्या छोट्या चक्रावर जातो. ते टिलर नाकाचं चाक 75 अंशांपर्यंत वळवतं. 1951 मध्ये निकामी ठरलेल्या हातांना एवढंच काम मिळालंय.

स्टँडवर चोक लागतात. पडद्यावर ब्रेकचं तापमान अजून चढतंय, कारण कार्बनच्या चकत्यांमधली उष्णता आत्ता कुठे मोजणाऱ्या तारेपर्यंत पोहोचतेय. 300 अंशांच्या खाली आल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही. ब्रेक फारच तापले तर चाकातली ठरावीक बुचं वितळून टायरमधला नायट्रोजन सोडून देतात, म्हणजे टायर फुटण्याऐवजी बसतो.

तासाभराने पुशबॅक. खाली इंजिनिअरने नाकाच्या चाकाजवळ एक पिन घातलीय. ती तुमचं वळवणं तोडते, नाहीतर तुमचा टिलर आणि ट्रॅक्टरचा टो-बार एकमेकांशी भांडतील. हेडसेटवर तो ब्रेक सोडायला सांगतो. आता ब्रेकला शिवायचंही नाही, चुकून दाबला तर टो-बार तुटेल. तुम्ही पाय पेडलांवरून काढून खाली टेकवता आणि विमान मागे सरकू लागतं. ते थांबल्यावर इंजिनिअर बाजूला जाऊन लाल फडक्याची पिन उंच धरून दाखवतो. तुम्ही हात हलवून पोच देता आणि पाय परत वर ठेवता.