झाकून पांढरा केलेला काटा

रोमन श्रीमंत काटे खातात, याचा थोरल्या प्लिनीला मनापासून राग होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या आपल्या निसर्गकोशाच्या एकोणिसाव्या खंडात त्याने हिशेबच मांडला आहे. कार्थेज आणि विशेषतः स्पेनमधलं कोर्दोबा, इथल्या लहानशा तुकड्यांतून या काटेरी झाडाचं सहा-सहा हजार सेस्टर्स नाण्यांचं उत्पन्न निघतं. जनावरंही ज्याला तोंड लावत नाहीत ते माणसं पैसे मोजून खातात, हे त्याला सहन होत नाही. वर ही मंडळी ते मध आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, त्यात हिंगाच्या जातीचं मूळ आणि जिरं घालतात, म्हणजे ताटात काटा नाही असा एकही दिवस जायला नको. हिंग-जिऱ्याच्या या लोणच्याचं वर्णन वाचताना मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, प्लिनीच्या कपाळावर मात्र आठ्या आहेत.

हे झाड आर्टिचोकचं की त्याच्या भावंडाचं, म्हणजे कार्डूनचं, यावर इतिहासकारांत अजून वाद चालतो. वाद होण्यासारखंच आहे, कारण दोघांची वनस्पतिशास्त्रीय जात एकच: सिनारा कार्डुन्क्युलस. आर्टिचोकची न उमललेली बोंडं खातात, कार्डूनच्या पानांचे जाड, मांसल देठ. भूमध्य समुद्राच्या काठाने आजही उगवणारं रानटी कार्डून हे दोघांचं मूळ. जनुकीय अभ्यासातून असं दिसतं, की माणसाने एकाच रानझाडाला दोनदा, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हेतूने माणसाळवलं. आधी बोंडासाठी, बहुधा सिसिलीच्या बाजूला, रोमन काळाच्या आसपास. मग कित्येक शतकांनी देठासाठी, स्पेन-फ्रान्सकडे, इसवी सन १००० नंतर.

पण देठ खाणं त्याहून फार जुनं आहे. प्लिनीच्या साडेतीनशे वर्षं आधी ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने सिसिलीतल्या एका काटेरी झाडाची नोंद केली. ते ग्रीसमध्ये होत नाही, त्याचे देठ सोलून खातात, चव किंचित कडू लागते आणि लोक ते खारवून ठेवतात. सोलणं, कडूपणा, खारवणं. कार्डूनचा स्वयंपाक त्या दोन-तीन वाक्यांत जवळजवळ पुरता येऊन गेला आहे.

माझ्या मते कार्डूनची खरी गोष्ट बियाण्याची नाही, कष्टांची आहे. आर्टिचोक निवडीने बदललं, त्याची बोंडं पिढ्यान्‌पिढ्या मोठी आणि गुबगुबीत होत गेली. कार्डूनमध्येही निवड झाली, देठ रुंदावले, काटे बऱ्याच जातींत कमी झाले. तरीही नुसतं शेतात उभं असलेलं कार्डून खाण्याजोगं नसतं. चांगलं पोसलेलं झाड पुरुषभर उंच, रुपेरी-करडी पानं हात-दीड हात लांब, आणि देठ असे कडू आणि चिवट की चावून थुंकून द्यावेत. त्याची भाजी होते ती शेतकरी शेवटच्या महिन्यात जे करतो त्यामुळे: तो झाडाचं ऊन तोडतो. उजेड मिळाला नाही की हिरवा रंग उतरतो, कडूपणा घटतो, देठ कोवळे होतात. ही युक्ती कुणा एकाची नाही. कुठे पानांची जुडी बांधून वर पेंढा गुंडाळतात, कुठे मातीची भर देत देत गळ्यापर्यंत आणतात, आणि आता बहुतेक ठिकाणी काळं प्लास्टिक लपेटतात.

यातली सर्वांत कष्टाची तऱ्हा इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात, बेल्बो नदीच्या खोऱ्यात, नित्सा मोन्फेर्रातो या गावाच्या परिसरात टिकून आहे. नदीकाठची रेताड जमीन. मे महिन्यात बी टोकायचं. सप्टेंबरात झाड भरात आलं की त्याच्या एका बाजूने माती उकरायची, आख्खं झाड हळूच त्या चरात आडवं करायचं आणि वर माती ओढायची. घाई केली तर देठ मोडतो, म्हणून हे काम हातानेच. झाड मरत नाही. मातीखाली आडवं पडल्या पडल्या ते उजेडाकडे वर उठायला धडपडतं, आणि त्या धडपडीत त्याच्या देठांना बाक येतो. महिनाभराने उकरून काढलं की हाती येतं एक पांढरंशुभ्र, फुगीर, पोक आलेलं झाड. बाहेरची खराब पानं छाटली की आतला गाभा इतका कोवळा, की कच्चाच खाता येतो. कार्डून कच्चं खाण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे, त्यात हे पहिलं. तोवर द्राक्षांची तोडणी आटोपलेली असते, थंडी पडू लागलेली असते. मातीच्या भांड्यात ऑलिव्ह तेल, भरपूर लसूण आणि खारवलेली अँचोव्ही मासळी मंद आचेवर विरघळवतात, भांडं जाळावर तसंच ठेवून सगळे भोवती बसतात आणि कार्डूनचे तुकडे त्यात बुडवून खातात. या पदार्थाचं नाव बान्या काउदा. बाकीच्या भाज्याही बुडवतात, पण जाणकारांच्या लेखी कार्डूनशिवाय ती बैठक अपुरीच.

इतर ठिकाणचं कार्डून शिजवावंच लागतं, आणि त्याची तयारी करताना आपल्याकडच्या बाईला केळफूल आठवेल. कडेचे काटे आणि पानाची उरलीसुरली झालर सुरीने खरवडायची, देठाच्या पाठीवरचे दोर टोकापासून ओढून काढायचे, बोटभर लांबीचे तुकडे करायचे आणि कापल्याक्षणी लिंबाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर ते बघता बघता काळे पडतात. केळफुलाला आपण ताक वापरतो, तिथे लिंबू. मग पाण्यात थोडं पीठ कालवून, लिंबू पिळून, अर्धा-पाऊण तास शिजवायचे. पिठामुळे पांढरा रंग राहतो. चव आर्टिचोकच्या गाभ्यासारखी, मागे हलकी कडसर छटा. एवढा खटाटोप झाल्यावर प्रांताप्रांताचा सॉस येतो. स्पेनच्या नाव्हारा-आरागोनकडे बदामाचा, फ्रान्सच्या लिओंमध्ये नळीतल्या मगजाचा. इटलीच्या आब्रुत्सोत हे तुकडे बारीक खिम्याच्या गोळ्यांबरोबर रश्श्यात पडतात. मोरोक्कोत मटणाबरोबर ताजिन नावाच्या भांड्यात शिजतात आणि खारवलेलं लिंबू सोबतीला असतं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे देठ किती देखणे दिसत, हे पाहायचं तर माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जावं. हुआन सांचेस कोतान या तोलेदोच्या चित्रकाराने १६०२ साली काढलेल्या चित्रात खिडकीच्या चौकटीत पक्षी आणि फळं टांगली आहेत, खाली मुळं ठेवली आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात एक कार्डून भिंतीला टेकून ठेवलं आहे. मागे गडद काळोख. देठांचा पांढरा रंग कडेला गुलाबीकडे झुकतो, प्रत्येक शीर वेगळी दिसते, आणि सगळा देठ धनुष्यासारखा वळलेला. या माणसाला हे झाड फार आवडत असावं, कारण ते त्याने पुन्हाही काढलं. ग्रानादाच्या संग्रहालयातल्या चित्रात तर कार्डून आणि गाजरंच आहेत. प्रादोतलं चित्र मला त्या काळच्या कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकापेक्षा मोठा पुरावा वाटतं. इतका स्वच्छ पांढरा देठ झाकल्याशिवाय येत नाही, आणि झाकायला कुणीतरी माळी शरद ऋतूत राबलेला असतो.

जिनिव्हाला कार्डून पोचलं ते निर्वासितांबरोबर, असं तिथे सांगतात. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा फतवा रद्द केल्यावर ते लोक देशोधडीला लागले. त्यातल्या काही माळ्यांनी शहरालगतच्या प्लँपाले भागात भाजीचे मळे केले आणि सोबत आणलेलं बी लावलं. तिथली जात अजूनही भरपूर काटे असलेली आहे. बिनकाट्यांच्या जाती सोप्या असूनही जिनिव्हाच्या माळ्यांनी चवीसाठी काटे पत्करले, आणि आजही ती जाड हातमोजे घालूनच हाताळतात. २००३ मध्ये या कार्डूनला स्वित्झर्लंडचं भौगोलिक संरक्षण मिळालं. नाताळच्या जेवणात साय आणि चीज घालून भाजलेलं कार्डून तिथे हवंच असतं. नाव्हारात आणि आब्रुत्सोतही ते नाताळशीच बांधलेलं आहे. मला यात योगायोग दिसत नाही. रोजच्या स्वयंपाकातून इतक्या मेहनतीची भाजी सहज निसटते. ज्या गावांनी तिला सणाच्या ताटात बसवलं, तिथे ती राहिली.

मेहनत थांबली तर काय होतं, हे दक्षिण अमेरिकेत दिसलं. युरोपी वसाहतवाल्यांनी तिकडे नेलेलं कार्डून बागेबाहेर पडलं. १८३३ मध्ये चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेतून घोड्यावरून जात होता, तेव्हा बहुधा शेकडो चौरस मैल जमीन याच काट्यांनी व्यापल्याचं त्याने लिहिलं. माणूस शिरू शकत नाही, जनावर शिरू शकत नाही, दुसरं काही उगवत नाही. परक्या वनस्पतीने मूळच्या वनस्पतींवर एवढं मोठं आक्रमण केल्याची दुसरी नोंद असेल का, अशी शंका त्याला आली. एका शेतकऱ्याने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती: ओसाड पडलेल्या बागेत आर्टिचोकची झाडं हळूहळू साधी कार्डून होताना त्याने पाहिली होती. दोन्ही झाडं एकाच मुळाची, हे आजच्या जनुकीय अभ्यासाआधी त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसलं होतं.

न झाकलेल्या कार्डूनचेही उपयोग आहेत. सार्डिनियात पोर्तो तोर्रेस इथे त्याच्या बियांच्या तेलापासून विघटनशील प्लास्टिकचा कच्चा माल करण्याचं काम गेल्या दशकात सुरू झालं. त्याहून कितीतरी जुना उपयोग फुलाचा. निळ्या-जांभळ्या फुलातले तंतू उन्हाळ्यात खुडून वाळवतात. पोर्तुगालच्या सेरा दा एस्त्रेला डोंगरात ते मिठाबरोबर कुटून, फडक्यात बांधून त्यावरून मेंढीचं कोमट दूध सोडतात. या तंतूंतली विकरं दूध साकळवतात, आणि चीज मुरताना आतून लोण्यासारखं मऊ पडतं, मागे बारीकशी कडसर चव ठेवून. दूध, मीठ आणि कार्डूनचं फूल, एवढंच त्यात असतं. स्पेनच्या एस्त्रेमादुरातलं तोर्ता देल कासार याच रीतीचं: वरची साल झाकणासारखी कापायची आणि आतला मऊ गर चमच्याने काढायचा. वासराच्या जठरातलं रेनेट नको असणाऱ्या शाकाहारी माणसाला हे चीज चालतं, आणि त्यामागची रीत दोन हजार वर्षं जुनी आहे. स्पेनमध्येच जन्मलेला रोमन शेतीलेखक कोलुमेला दूध साकळवण्याचे मार्ग सांगताना कोकराच्या रेनेटनंतर रानटी काट्याच्या फुलाचं नाव घेतो, आणि त्याच्या लगेच पुढे करडईच्या बियांचं.

करडई ही कार्डूनच्याच गोतातली. सोलापूर-मराठवाड्याकडे तिचीही पानं खातात, लसूण आणि मुगाची डाळ घालून, पण काटे फुटायच्या आत खुडून.