दोन हजारांचा हवा-सेन्सर मालवणात किती खरं बोलतो?

फोनच्या वेदर ॲपमध्ये मालवण टाकलं की तापमानाच्या खाली एक्यूआयचा आकडा दिसतो. पण तो मालवणात कोणी मोजलेला असेलच असं नाही. जवळ स्टेशन नसेल तर ॲप उपग्रहाची माहिती आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून अंदाज काढतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपमध्ये मात्र प्रत्यक्ष स्टेशनांचे आकडे असतात. आपल्या वाडीपासून सगळ्यात जवळचं स्टेशन कुठे आहे ते तिथे एकदा बघून घ्या.

स्टेशनं कमी असण्याचं कारण साधं आहे, पैसे. सगळे वायू आणि धूळ मोजणारं स्वयंचलित स्टेशन कोटीच्या घरात जातं. उलट पीएमएस५००३ किंवा एसडीएस०११ हे धुळीचे सेन्सर साधारण दोन हजार रुपयांत ऑनलाइन मिळतात. सोबत ईएसपी८२६६ बोर्ड आणि जुना मोबाईल चार्जर जोडला की काम सुरू. मी माझ्या गावच्या घरी पडवीत असाच एक लावलाय.

आत काय असतं? एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि फोटोडायोड तो टिपतो. दुपारी कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते ना, तेच. म्हणजे सेन्सर धुळीचं वजन करत नाही. चमक बघून वजनाचा अंदाज बांधतो. किनारपट्टीवरची सगळी गडबड इथूनच सुरू होते.

आपल्या हवेत समुद्राचं मीठ असतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण पाणी शोषून द्रवाचा थेंब होतो आणि फुगतो. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं. सरकारी यंत्रं हवा आत घेताना गरम करून सुकवतात, म्हणून ती फसत नाहीत. यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर सेन्सरसाठी (त्यात प्लॅनटॉवर कंपनीचेच सेन्सर असतात) एक सूत्र काढलं: सेन्सरचा आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. सेन्सर ६० दाखवतोय आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर उत्तर येतं साधारण ३०. अर्धंच! हे सूत्र तिकडच्या हवेवर बेतलेलं आहे, आपल्याकडे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण बीएमई२८० सारखा आर्द्रतेचा सेन्सर सोबत नसेल, तर पावसाळ्यातले आकडे कोणाला दाखवूच नका.

दुसरी अडचण उलट बाजूची, आणि माझ्या मते जास्त धोक्याची. चिरेखाण, डंपरची वाहतूक, कच्चा रस्ता यांची लाल धूळ जाडी असते. हे स्वस्त सेन्सर जाडे कण नीट पकडत नाहीत. स्क्रीनवर पीएम१० चा आकडा येतो खरा, पण तो बराचसा बारीक कणांवरून काढलेला असतो. माडाच्या झावळ्या लाल झाल्यात आणि सेन्सर म्हणतो हवा चांगली! असा आकडा ग्रामसभेत गेला तर खाणवाल्याच्याच कामाला येईल. डंपरच्या धुळीची तक्रार करायची असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फिल्टरवर धूळ गोळा करून वजन करणाऱ्या मोजणीची मागणी करा.

मग हा सेन्सर घ्यायचाच कशाला? धुरासाठी. चूल, न्हाणीची आग, जळणारा कचरा, शेतात भाजलेला राब, काजू भाजण्याचा धूर, हे सगळे बारीक कण. ते त्याला चांगले दिसतात. न्हाणीत पाणी तापवायला सोडणं पेटवली की आमच्या पडवीतला आलेख लगेच वर चढतो. घरात दम्याचं माणूस असेल तर स्वयंपाकघरातला आलेख दोन दिवस बघा, खिडकी कधी उघडायची आणि चूल कुठे हलवायची ते ठरवता येतं.

एका क्षणाच्या आकड्याला एक्यूआय समजू नका. आपल्याकडे पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी दर घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते.

स्वस्त सेन्सर सरकारी यंत्राशेजारी ठेवून तपासणं हीच खरी परीक्षा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० पासून मुंबई परिसरात ४० सेन्सर लावून तेच केलं. आपल्याजवळ स्टेशन नसेल तर निदान दोन सेन्सर आठवडाभर शेजारी ठेवा. दोघांचे आकडे सोबत वरखाली झाले नाहीत तर एक बिघडलेला आहे.

लावताना वळचणीखाली लावा, पाऊस आणि थेट ऊन नको, चुलीपासून लांब. तोंडाला बारीक जाळी हवीच, कोळी आत घर करतात. एसडीएस०११ च्या लेझरचं आयुष्य ८००० तास सांगतात, म्हणजे सतत चालवला तर अकरा महिने. त्यामुळे दर पाच मिनिटांनी जागा करा, ३० सेकंद पंखा फिरू द्या, मग रीडिंग घ्या आणि परत झोपवा. लाईट गेली की नेटही जातं, म्हणून रीडिंग मेमरी कार्डवरही साठवा.