कार्तिकांतला काला

शाळेंत जाणाऱ्या मुलाला, "मराठी रंगभूमीचा जन्मदिवस कोणता?" असें विचारलें, तर तो न अडखळतां ५ नोव्हेंबर १८४३ ही तारीख सांगेल. विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' हें नाटक सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढें केलें, त्या प्रयोगाची ही तारीख. महिना कार्तिकाचा होता. उत्तर चुकीचें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि त्या अपुरेपणांत एका साऱ्या प्रदेशावर थोडा अन्याय होतो. सांगलीच्या दरबारांत दिवे लागले त्याच्या फार पूर्वींपासून सह्याद्रीच्या पलीकडे कार्तिक महिना उगवला कीं देवळांच्या आवारांत नाटक उभें राहत असे, आणि तें आजही उभें राहतें. त्या दशावतारी नाटकाचा, ज्याला तिकडचे लोक आपल्या बोलींत 'धयकालो' म्हणतात, थोडा पूर्वेतिहास आज आपणांपुढें मांडावा असा माझा हेतु आहे.

मालवण, कुडाळ, वेंगुर्लें, सावंतवाडी आणि गोमंतकांतील पेडणें हा या कलेचा मुख्य प्रांत. पेडणें १७८८ सालीं सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेलें. पण राज्यें निराळीं झालीं तरी देवळांतला काला एकच राहिला. या प्रांतांत शेतकऱ्याचें वर्ष भातावर चालतें. चार महिने पावसांत आणि चिखलांत कंबर वांकवून काढल्यावर शरदांत आकाश निवळतें, भात कापून झोडून घरांत येतें, तुळशीचें लग्न लागतें, आणि मग एकामागून एक गांवांच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास भरते. जत्रेची घडी बहुतेक सर्वत्र सारखीच: दिवसभर केळीं-नारळ आणि ओट्या, देवळाभोंवतीं खाजें, चणे आणि खेळणीं यांचीं दुकानें, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि सासरीं गेलेल्या लेकी, रात्रीं पालखीची प्रदक्षिणा, आणि पालखी देवळांत परत गेली कीं मध्यरात्रीच्या सुमारास पखवाजावर पहिली थाप. म्हणजे नाटक हा जत्रेला जोडलेला करमणुकीचा भाग नव्हे. तो जत्रेचाच शेवटचा विधि होय.

रंगमंच म्हणावा असें तेथें फारसें कांहीं नसतें. देवळापुढची मोकळी जागा आणि एक लांकडी बांकडें. तेंच राजाचें सिंहासन, तेंच कैलास आणि तेंच अरण्यांतली शिळा. पूर्वीं उजेड मशालींचा असे, पुढें गॅसबत्त्या आल्या, आतां विजेचे दिवे आहेत. प्रारंभीं जो भाग होतो त्याला 'आडदशावतार' म्हणतात. सूत्रधार येतो, गणपति येतो, मोरावर बसून सरस्वती येते. त्यानंतर ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा शंखासुर, म्हणजे तिकडच्या बोलींत संकासुर, प्रवेश करितो. अंगभर काळीं वस्त्रें, तोंडावर काळा बुरखा आणि त्यावर लोंबणारी लाल जीभ असें त्याचें भयंकर रूप; पण त्याची जीभ एकदां सुटली कीं लहान मुलेंसुद्धां हंसून लोळतात. इतर देव ग्रांथिक मराठींत बोलत असतां हा राक्षस मात्र अस्सल मालवणींत बोलतो, आणि गांवांतील मोठ्या माणसांना, भटजींना, कधीं कधीं प्रत्यक्ष देवांनाही चिमटे काढतो. अखेर विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. नांवांत दहा अवतार असले, तरी रंगणांत मुख्यत्वें हा एक मत्स्यावतारच दिसतो. उरलेल्या अवतारांची भरपाई पुढच्या आख्यानांत होते.

आख्यान हा या नाटकाचा खरा गाभा, आणि तेथेंच त्याचें खरें आश्चर्य आहे. या नाटकाला संहिता नसते. कोणतें आख्यान लावावयाचें, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीभूमिका कोणाची, एवढें प्रयोगापूर्वीं ठरतें. कथेचे टप्पे वडीलधारा नट सांगतो. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवितो आणि रंगणांत उतरतो. मग चार-पांच तास जें भाषण होतें तें त्या क्षणीं जन्मास येतें आणि त्या क्षणींच नाहींसें होतें. राजानें धर्माचा एखादा प्रश्न टाकला कीं ऋषीनें त्याचें उत्तर तेथल्या तेथें दिलें पाहिजे. उत्तर लंगडें पडलें तर समोरच्या चटईवर बसलेला म्हातारा शेतकरी मान हलवितो, आणि ती हललेली मान नटाला झोंबते. ही तयारी कोठून येते? श्रीधराच्या हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप या पोथ्या कोंकणांत घरोघरीं वाचल्या गेल्या; त्यांतून, कीर्तनांतून आणि वडील नटांच्या तोंडून ऐकलेलें भांडार नटाच्या मनांत साठत जातें. ज्याला आपण सहज निरक्षर म्हणूं असा मनुष्य येथें रात्रभर शास्त्रार्थ करितो.

संगीताचा सरंजामही आटोपशीर: पखवाज, झांज आणि पायपेटी. पेटीवाला आणि पखवाजी हे साथीदार खरे, पण तेच प्रयोगाचे सारथी होत. लिखित क्रम नसल्यामुळें कोठें पद घ्यावें, कोठें युद्धाची लय वाढवावी, कोठें शोक लांबवावा, हें नट आणि वादक यांच्यामधल्या एका नजरेवर ठरतें. पुढें संगीत नाटकें लोकप्रिय झालीं तेव्हां नाट्यपदांच्या चालीही या आख्यानांत शिरल्या, आणि कोंकणच्या नटांनीं त्या बिनदिक्कत आपल्याशा केल्या.

ज्या मंडळ्या हें सारें चालवितात त्यांचीं नांवें गांवांवरून पडलेलीं आहेत: मोचेमाडकर, पारसेकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर, आरोलकर. कोणत्या देवळाच्या जत्रेंत कोणत्या मंडळीनें नाटक करावयाचें, हा मान पुष्कळ ठिकाणीं वंशपरंपरेनें ठरलेला असतो. रस्ते आणि मोटारी येण्यापूर्वीं ही मंडळी कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन, खाडी तरून, घाटी चढून एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला पायीं जात असे. त्यावरूनच "रात्रीं राजा, सकाळीं डोक्यावर बोजा" ही म्हण तिकडे पडली. तींत थट्टा आहे, आणि चार-पांच शब्दांत सांगितलेलें एक आयुष्यही आहे. पहांटे दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो, मुकुट पेटाऱ्यांत जातो आणि राजा पुढच्या गांवाची वाट धरितो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही कला जुनी किती? परंपरा असें सांगते कीं, राजापूर तालुक्यांतील आडिवरें येथील श्यामजी नाईक काळे यांनीं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती कर्नाटकांतून कोंकणांत आणिली. या सांगण्यांत तथ्य असूं शकेल. पण तो प्रारंभ मानतां येत नाहीं. कारण सतराव्या शतकांत होऊन गेलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधांत दशावतारी खेळणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. डोळ्यांना दिसतें तें खरें असतेंच असें नाहीं, हें शिष्याला पटवितांना समर्थ या खेळाचा दाखला देतात: तेथें सुंदर नारी येतात, नेत्रकटाक्ष टाकितात, पण त्या असतात सारे धटिंगण पुरुष! दृष्टान्त नेहमीं ऐकणाऱ्याच्या ओळखीचा घ्यावा लागतो. ज्या अर्थीं समर्थांनीं तो सहज घेतला, त्या अर्थीं सतराव्या शतकांत दशावतारी खेळ आणि त्यांतील पुरुषांनीं घेतलेल्या स्त्रीभूमिका मराठी समाजाच्या परिचयाच्या होत्या. तो खेळ आजच्यासारखाच हुबेहूब होता असें म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाहीं. पण नांव, विषय आणि वेषांतराची ही तऱ्हा, हीं तीनही तेथें आहेत.

आणि श्रोतेहो, सांगलीचें तें १८४३ सालचें नाटक तरी कोठून उगवलें? आदल्या वर्षीं उत्तर कन्नडांतील भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून, असे खेळ मराठींत करावे, अशी आज्ञा श्रीमंतांनीं भाव्यांना केली. ज्या यक्षगानाच्या परंपरेंतून ती मंडळी आली, त्याला किनाऱ्यावर 'दशावतार आट' असेंही नांव होतें. आणि तोही खेळ पावसाळा सरल्यावर, रात्रभर, देवाच्या सेवेसाठीं होणारा. कारवारपासून मालवणपर्यंत एकाच समुद्राच्या कांठीं हीं दोन भावंडें वाढलीं. भाव्यांच्या नाटकांतही सूत्रधार गात असे, गणपति आणि सरस्वती प्रथम येत, विदूषक हंसवीत असे आणि पात्रें आपलीं भाषणें आयत्या वेळीं रचीत. राक्षसांच्या आरोळ्यांवरून त्या नाटकांना 'अलल्‌डुर्र' म्हणून हिणवलें गेलें. पण त्या आरोळ्या किनाऱ्यावरच्या देवळांतूनच घाटावर चढल्या होत्या.

भाव्यांचें श्रेय यानें कमी होत नाहीं. देवळाच्या अंगणांतला खेळ त्यांनीं नगरांत नेला, त्याला तिकीट आणि फिरती मंडळी दिली, आणि त्या वाटेनें पुढें ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' अवतरलें, तेंही शरदांतच. माझें म्हणणें एवढेंच कीं, ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमीच्या जन्माचा दिवस नसून तिच्या नगरप्रवेशाचा दिवस आहे. आपण ज्यांना नाट्यसृष्टीच्या वेशीबाहेर बसविलें, ते तिच्या घरांतले वडील आहेत. वडिलांना प्रेक्षक म्हणून घरांत बोलावणें आणि वडील म्हणून बसावयास पाट देणें यांत जें अंतर आहे, तेंच येथेंही आहे.

हा न्याय केवळ भूतकाळाचा नाहीं. लिहिलेलें नाटक कपाटांत टिकतें. दशावतार माणसांत टिकतो. एक म्हातारा नट गेला कीं त्याच्याबरोबर कित्येक आख्यानें जातात. २०२० सालीं साथीमुळें जत्रांवर निर्बंध आले, तेव्हां एका हंगामाची मिळकत बुडाली एवढेंच झालें नाहीं. जी विद्या रंगणांत उभें राहूनच शिकतां येते, तिची शाळाच बंद पडली. पुढें जत्रा भरल्या आणि पखवाज पुन्हां वाजला. प्रेक्षक आहेत, हौशी तरुणही आहेत. पण यंत्रांच्या करामतीनें डोळे दिपविणारे 'ट्रिकसीन' प्रयोग आणि रंगमंदिरांतले दोन-तीन तासांचे खेळ यांचा मोह वाढत आहे. देखावा वाढला म्हणून कला मरत नाहीं. वेळ तोडला म्हणजे मात्र शास्त्रार्थ आधीं गळतो, मग शोक, मग विनोद, आणि उरतें तें युद्ध.

म्हणून मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांना माझी विनंती आहे. यंदा कार्तिकांत कोंकणांत जाणें झालें, तर समुद्र आणि मासळी एवढ्यावरच परतूं नका. एखाद्या देवळापुढें चटई टाकून बसा. झोंप येईल, थंडीही वाजेल. पण पहांटे हंडी फुटून काल्याचा घांस हातावर पडेपर्यंत उठूं नका. जो इतिहास आपण पुस्तकांत १८४३ पासून वाचतों, त्याच्या आधींचीं पानें तेथें अजून बोलत असतात.