रहवाल : एका चालीचा प्रवास

इंग्रजीत 'अँबल' असा एक शब्द आहे. आजचा इंग्रज माणूस हात मागे बांधून बागेत निवांत फेरी मारू लागला की तो 'अँबल' करतो असे म्हणतात. शब्दकोशात मात्र ह्या शब्दाचा आणखी एक, जुना अर्थ दिलेला असतो : घोड्याची एक चाल. ह्या चालीत घोडा एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जोडीने टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. दुडकीत पाय तिरपे पडतात आणि स्वार खोगिरावर आदळत राहतो. ह्या चालीत घोड्याची पाठ जवळजवळ स्थिर राहते, म्हणून दिवसभराची मजल मारूनही माणूस कमी थकतो.

हा शब्द तुर्कीत कसा न्यावा, असा प्रश्न आम्हांला पडला आणि शोधता शोधता आम्ही पुन्हा आपल्याच मुलखात येऊन पोचलो. त्या प्रवासाची ही हकिकत.

'अँबल' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याचे मूळ आहे लॅटिनमधल्या 'चालणे' ह्या अर्थाच्या क्रियापदात. 'अँब्युलन्स' त्याच कुळातला. मध्ययुगीन युरोपात रस्ते वाईट होते आणि लांबचा प्रवास घोड्याच्या पाठीवरच व्हायचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या कथा लिहिल्या. त्यांतली बाथ गावची बाई अशाच चालीच्या घोड्यावर बसलेली आहे. पुढे रस्ते सुधारले, बग्ग्या आल्या. बग्गीला दुडकीचा घोडा बरा, तिथे पाठ हलली काय आणि न हलली काय! ह्या चालीचा घोडा इंग्लंडातून हळूहळू दिसेनासा झाला. शब्द तेवढा मागे राहिला आणि माणसाच्या फेरफटक्याला चिकटला.

म्हणून तुर्कीत अनुवाद करणाऱ्याला आधी विचारावे लागते, चालतो आहे कोण? माणूस असेल तर 'यावाश यावाश युरुमेक', म्हणजे हळूहळू चालणे. घोडा असेल तर 'राहवान'. काही कोशांत 'एश्किन' हाही पर्याय असतो, पण तोच शब्द इंग्रजी 'कँटर'साठीही दिलेला सापडतो, त्यामुळे तो जपून वापरावा लागतो. नेमका शब्द 'राहवान' हाच.

आणि हा शब्द मुळात तुर्की नाही, फारसी आहे. 'राह' म्हणजे रस्ता. वाट सुखाची करणारा तो राहवान. उर्दू वाचणाऱ्यांना ह्याचा भाऊबंद ठाऊक आहे. मीर अनीस यांच्या मर्सियांत 'रहवार' हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ चालीपुरता राहिलेला नाही, उमदा घोडा असा झाला आहे.

मग घोड्यावर वाढलेल्या तुर्कांकडे स्वतःचा शब्द नव्हता का? होता. अकराव्या शतकात महमूद अल्-काशगरी यांनी बगदादमध्ये तुर्की शब्दांचा अरबी अर्थांसह मोठा कोश रचला. त्या जुन्या तुर्कीत ह्या चालीच्या घोड्याला 'योरिगा' म्हणत. तोच पुढे 'योर्गा' झाला आणि मध्य आशियात तो आजही निरनिराळ्या रूपांत बोलला जातो. त्याचेही मूळ 'चालणे' ह्याच क्रियापदात आहे. म्हणजे लॅटिनला 'चालणे' आठवले, तुर्काला 'चालणे' आठवले आणि इराण्याला 'रस्ता' आठवला.

गंमत पुढेच आहे. 1928 साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. 1932 साली भाषेसाठी संस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याची मोहीम सुरू झाली. 'मेक्तेप' म्हणजे मक्तब गेला, 'ओकुल' आला. असे कितीतरी शब्द शाळा, कचेऱ्या आणि वर्तमानपत्रांतून हद्दपार झाले. 'राहवान'ला तर अस्सल तुर्की पर्याय तयार होता. तरी तो टिकला. पश्चिम अनातोलियात राहवान घोड्यांच्या शर्यती आजही भरतात, आणि त्यांत चाल मोडून घोडा चौखूर उधळला तर तो दोष समजतात. ज्यांच्या तोंडी हा शब्द होता त्यांनी त्याचे कूळ विचारले नाही. त्यांना घोडा ठाऊक होता, चाल ठाऊक होती, आणि त्या चालीचे नाव राहवान होते.

तबेल्यातले इतर शब्द पाहिले तर हीच तऱ्हा. घोड्याच्या साध्या पावली चालीला तुर्कीत 'आदेता' म्हणतात. हे आपल्या 'आदत'चेच रूप : नेहमीची, सवयीची चाल. भरधाव म्हणजे 'दोर्तनाल'. दोर्त म्हणजे चार, आणि नाल म्हणजे आपला नाल. मराठीने चार खूर मोजून 'चौखूर' केले, तुर्काने चार नाल मोजले. त्यांचा 'नालबांत' तोच आमचा नालबंद. फारसी 'चाबुक' म्हणजे चपळ. तुर्कीत तो 'लवकर' झाला आणि मराठीत घोड्याच्या पाठीवर पडला.

आणि राहवान? तो मराठीत 'रहवाल' झाला, कुठे 'रवाल', कुठे 'रेवाल'. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार आजही रवाल चालीचा घोडा पारखून घेतात. त्या सौद्यात हिंदू असतो, मुसलमान असतो, आणि शब्द दोघांचा असतो.

शब्दांची झाडाझडती आपल्याकडेही झाली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश तयार केला आणि पुढे 1938 साली त्यांनीच 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला! ह्या प्रयत्नांतून मराठीला काही चांगले शब्द मिळाले, हे मान्य करायला हवे. पण लगाम, रिकीब, खोगीर, जीन, नाल जागचे हलले नाहीत. साध्या 'घोडेस्वारा'तला 'स्वार'सुद्धा फारसीच. तो उतरवला तर घोडा रिकामाच राहील.

आमच्या घरांतली मराठी भेसळीची आहे, असे आम्हांला अधूनमधून ऐकावे लागते. उर्दू शाळेतल्या मुलाने मराठीच्या तासाला तोंड उघडले की त्याच्या शब्दांचे मूळ तपासले जाते. त्या मुलाला आम्ही रहवालची ही गोष्ट सांगतो. शब्द कोणत्या गावाहून निघाला हे कोशात जरूर पाहावे. पण तो कोणाचा, हे त्यावर मांड ठोकून कोण किती वाट चालले यावर ठरते. ह्या वाटेवर आपण काही शतके आहोत. मांड पक्की आहे, पाठ स्थिर आहे. चाल मोडण्याचे काही कारण नाही.