मीठ, साखर आणि पाणी

पटकीचे नुसते नाव ऐकताच गावे ओस पडत, तो काळ फार जुना नाही. १८१७ साली बंगालमधील जेसोरच्या परिसरात उसळलेली साथ पुढील काही वर्षांत अरबस्तानापर्यंत आणि चीनपर्यंत पोहोचली, आणि तेव्हापासून या रोगाने साऱ्या जगाला वेठीस धरले. पटकीच्या रोग्याच्या शरीरातील पाणी व क्षार काही तासांतच वाहून जातात आणि कोरड्या पडलेल्या देहातून प्राण निघून जातो. गेले ते पाणी परत कसे द्यावयाचे, हाच वैद्यकापुढचा खरा प्रश्न होता.

१८३२ मध्ये स्कॉटलंडमधील थॉमस लॅटा या वैद्याने क्षारयुक्त पाणी रोग्याच्या शिरेत सोडून पाहिले. कालांतराने तोच राजमान्य उपाय ठरला. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्रावण, सुया आणि शिकलेले हात लागत. आणि साथ तर नेमकी जेथे यांतील काहीच नाही अशा ठिकाणी येई. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात या रोगाच्या जंतूची ओळख पटविली. त्याच नगरीत शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साचते. अनर्थ घडविते ते जंतूने सोडलेले विष होय. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी साखर आणि मीठ आतड्यातून जोडीनेच आत शिरतात असा सिद्धान्त मांडला. त्यांच्या पाठोपाठ पाणीही जाते. ही वाट पटकीतही खुली राहते. डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली ढाक्यात या ज्ञानाचा रोग्यांवर यशस्वी प्रयोग केला. पण तो रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. पूर्व बंगालमधील युद्धामुळे लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. फाळणीपूर्वी जेसोर जिल्ह्यातच मोडणाऱ्या बनगाव येथील छावणीत पटकी शिरली. तेथे गेलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर रोगी जमिनीवर, विष्ठेत व वांतीत पडलेले होते आणि शिरेवाटे द्यावयाचे द्रावण संपत आले होते. तेव्हा एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधून घेण्यात आल्या. पिंपात पाणी कालवावे, तोटीखाली पेला धरावा आणि आईने अथवा भावाने तो रोग्याच्या ओठांशी न्यावा, एवढाच तो उपचार.

हा निर्णय सोपा नव्हता. मिठाचे प्रमाण अधिक झाले तर लहान मुलाला ते घातक ठरते, आणि अशिक्षित माणसाच्या हाती औषध सोपविणे हा अनेक तज्ज्ञांच्या दृष्टीने अविचारच होता. उत्तर आकड्यांनी दिले. छावण्यांत पटकीने शंभरांपैकी सुमारे तीस रोगी दगावत होते, डॉ. महालनबीस यांच्या देखरेखीखालील रोग्यांत हे प्रमाण चारांच्याही खाली आले. तरीही वैद्यकविश्वाचा संशय लगेच फिटला नाही. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसारनियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि मगच ही पुडी देशोदेशी पोहोचली.

बांगलादेशात तर पुडीचीही गरज उरली नाही. १९८० पासून ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व पाणी यांचे प्रमाण आयांना शिकवू लागल्या. आयांच्या ध्यानात किती राहिले हे मागाहून तपासले जाई, आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. शिकविणाऱ्याचे यश शिकणाऱ्याच्या स्मरणावर मोजण्याची ही रीत अनेक विद्यापीठांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पटकी मात्र जगातून गेलेली नाही. शुद्ध पाणी पोहोचत नाही तेथे ती आजही येते, आणि हे द्रावण तिला रोखत नाही. ते केवळ प्राण वाचविते. विज्ञानाची नवनवी साधने आज प्रयोगशाळांतून बाहेर पडत आहेत. त्यांच्याविषयी बनगावची छावणी एकच प्रश्न विचारीत राहील : हा पेला आईच्या हाती कधी येणार?